मागच्या दारचं पाणी

सर्वपित्रीच्या दिवशी सुमेधाला जाग आली ती नदीच्या वासाने. प्रवरा त्यांच्या बंगल्यापासून चांगली लांब. मध्ये नाशिक-पुणे रस्ता, दोन कॉलन्या आणि दुधाचे टँकर उभे राहतात ते मैदान. तरीही स्वयंपाकघरात गाळाचा, शेवाळाचा, ओल्या दगडांचा वास दाटून राहिला होता. तिने ओळखलं, मागच्या दाराशी हंडा भरला गेलाय.

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने कधी पाणी भरलं नव्हतं. पहिल्याच सकाळी मागच्या दारी तांब्याचा काठोकाठ भरलेला हंडा बघून तिने विचारलं होतं, "कुणी भरलं?" सासूबाई चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या होत्या, "भरलेल्या पाण्याला विचारायचं नसतं. देवापुढे दिवा लागेपर्यंत मागचं दार उघडायचं नाही, एवढं पाळ." तिने ते पाळलं. पुढे गावाकडचं घर विकून सगळे संगमनेरला या बंगल्यात आले, तेव्हा तिला वाटलं, सुटलो. पण वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी नव्या कोऱ्या फरशीवर हंडा भरलेला होता आणि त्याच्या तळाशी बारीक वाळू बसली होती. जे होतं ते घराला चिकटलेलं नव्हतं, माणसांना चिकटलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी सुमेधाला भीतीबरोबर थोडं बरंही वाटलं होतं. नगरपालिकेचं पाणी दिवसाआड यायचं.

या श्रावणापासून मात्र सगळं फिरलं. हंडा कधी अर्धाच भरायचा, कधी रिकामा असायचा. आणि अनन्याच्या तळहातांना फोड यायला लागले.

अनन्या म्हणजे सुमेधाची नात, मुलगा राजस आणि सून प्रणिता यांची मुलगी. सहावीत होती. राजस नोकरीसाठी परदेशी, त्यामुळे मायलेकी इथेच राहायच्या. सात पिढ्यांत या घरात जन्मलेली ही पहिली मुलगी. तोवर सगळे मुलगेच झाले होते. तिच्या बारशाला अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले होते.

सुमेधाने देवापुढे दिवा लावला आणि मागचं दार उघडलं.

हंड्याशेजारी अनन्या उकिडवी बसली होती. फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला. शेजारी मातीची एक काळी घागर होती. असली घागर घरात कुणी आणलेली नव्हती.

"अनू?"

"आले जी, बाईसाब." आवाज अनूचाच होता, शब्द तिचे नव्हते. "आज पानी लई खाली गेलंय. वाळूत झरा खनावा लागला."

तिच्या नखांत वाळू होती.

"अनू, वर बघ. मी आजी आहे."

पोरीने मान खालीच ठेवली. "बाईसाबांकडं वर बगून बोलायचं न्हाई. मार बसतोय."

सुमेधाने तिला उठवायला हात पुढे केला, तशी तिने झटकन कोपर डोक्यावर धरलं. या घरात त्या मुलीवर कधी कुणी बोट उगारलं नव्हतं. पण ते कोपर असं सराईतपणे वर गेलं होतं, की सुमेधाचा हात हवेतच राहिला.

मग समोरच्या इमारतीवरून ऊन सरकत अंगणात आलं. अनन्याने डोळे चोळले. "आजी, माझे खांदे किती दुखतायत गं," ती म्हणाली. "आज सुट्टी आहे ना?"

सुमेधाने घागरीकडे पाहिलं. तिथे घागर नव्हती. फरशीवर ओला गोल उमटला होता फक्त.

*

सुमेधाचे यजमान नृसिंहराव सोवळं नेसून बैठकीत दर्भ निवडत होते. शाळेत संस्कृत शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरचं श्राद्धपक्ष मात्र त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. टोकेकर गुरुजी पुढच्या ओट्यावर येऊन बसले होते. श्राद्ध दुपारचं, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. डोळे मिटून ते जप करत होते. कंपाउंडच्या भिंतीवर कावळे जमले होते. पितरांच्या दिवशी कावळ्यांचा केवढा कलकलाट असतो. आज एकही ओरडत नव्हता. सगळ्यांची तोंडं घराच्या मागच्या बाजूला होती.

धाकटा भाऊ सुश्रुत सुप्याहून पहाटेच गाडी काढून आला होता. तिथल्या एका कारखान्यात तो मोठ्या हुद्द्यावर होता. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच गेल्या महिन्यात त्याने स्वतः येऊन मागच्या अंगणात आणि फाटकावर कॅमेरे बसवले होते.

"दादा, हे बघ," त्याने मोबाईल पुढे केला. "आज सकाळचंच आहे."

सुमेधाही वाकून बघू लागली. फाटक उघडून अनन्या बाहेर जाताना दिसत होती, खांद्यावर काळी घागर. पुन्हा आत आली तेव्हा घागरीतून पाणी ठिबकत होतं. तिच्या मागे कोरड्या फरशीवर पावलं उमटत होती. ती अनन्याची नव्हती. मोठ्या बाईची होती, फताडी, टाचांना भेगा असलेली. अनन्या थांबली की पावलं थांबत. आणि अनन्या मधूनमधून मागे वळून मान हलवत होती. नवं काम शिकणारं माणूस शिकवणाऱ्याकडे बघून हलवतं तशी.

"कॅमेऱ्यात काही बिघाड असेल," सुश्रुत म्हणाला. पण त्याने मोबाईल पालथा घातला. "ते सोड. मुलगी झोपेत चालते, एवढं खरं. आपण तिला नाशिकला दाखवू."

"दोनदा दाखवून झालं, काका." प्रणिता स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. तिच्या हाताला वड्यांचं पीठ लागलेलं होतं. "सगळे रिपोर्ट चांगले आहेत. त्यांनी विचारलं, घरी मुलीला कामाला जुंपता का?"

प्रणिता नृसिंहरावांची विद्यार्थिनी. त्यांच्याच हाताखाली संस्कृत शिकली, मग सून झाली, आता गावातल्या कॉलेजात शिकवत होती. सासऱ्यांपुढे तिने आजवर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"बाबा, ती कोण आहे?"

"कोण?"

"जी माझ्या मुलीला पाणी भरायला शिकवतेय ती."

नृसिंहरावांच्या हातातला दर्भ तसाच राहिला. सुमेधाला वाटलं, आता हे रागावून उठतील. पण ते हळू आवाजात बोलू लागले. कुणी विचारण्याचीच ते वाट बघत होते जणू.

"कुळंबीण होती ती, विकत घेतलेली दासी. आपल्या घरची. पेशवाईच्या अखेरीची गोष्ट. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातली. दुष्काळ पडला होता तिकडे. स्वारांनी उचलली, पेठेत आणून विकली, आपल्या पूर्वजांनी घेतली. तेव्हा मोठ्या घरांतून ठेवत अशा बायका. नदीवरून पाणी आणायचं काम होतं तिच्याकडे. मेल्यावरही आणते."

"आणि आपण आणू देतो," प्रणिता म्हणाली.

"शास्त्राला दास मान्य आहेत, प्रणिता. तुला ठाऊक आहे. दुष्काळात अन्न देऊन जगवलेला दास, हा प्रकार स्मृतीनेच सांगितलाय. आपल्या लोकांनी अधर्म केला नाही."

"त्याच स्मृतीत त्याच्या सुटकेची वाटही आहे. गुरांची एक जोडी दिली की तो मोकळा. म्हणजे जगवल्याचा हक्क जन्मभर चालत नाही, मेल्यावर तर नाहीच." ती जवळ येऊन खाली बसली. "पण बाबा, तिला कुणी जगवलंच नव्हतं. पळवलं होतं. बळाने ज्याला दास केलं, चोरांनी ज्याला विकलं, तो दासच नव्हे. राजाने स्वतः त्याला सोडवावं. हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि म्हणाला होतात, हे वाक्य वाचलं की शास्त्रकारांबद्दल आदर वाटतो."

"वाटतोच."

"द्रौपदीने भर सभेत एकच विचारलं होतं. माझ्यावर तुमची मालकी आली कुठून? भीष्मांनासुद्धा उत्तर देता आलं नाही. आपल्याला देता येईल?"

नृसिंहरावांनी बायकोकडे पाहिलं. सुमेधाने नजर खाली घेतली. आजवर असं झालं नव्हतं. चारचौघांत ती नेहमी त्यांच्या बाजूला असायची.

"मी सोडलंय तिला," ते म्हणाले. "या बंगल्यात आलो त्या वर्षी. कुणाला न सांगता. शास्त्रात विधी आहे. दासाच्या खांद्यावरची घागर मालकाने घ्यायची आणि फोडायची. त्याच्या डोक्यावर अक्षता-फुलांचं पाणी शिंपडायचं. तू दास नाहीस, असं तीनदा म्हणायचं आणि पूर्वेकडे तोंड करून त्याला निरोप द्यायचा. मी घागर आणली, मागच्या अंगणात सगळं यथासांग केलं. घागर आपटली, ती फुटलीच नाही. चेंडूसारखी घरंगळत गेली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. सकाळी हंडा भरलेला."

इतकी वर्षं एका छताखाली राहून हे सुमेधाला माहीत नव्हतं.

"मग काहीतरी राहिलं असणार," प्रणिता म्हणाली. "काय वगळलंत, बाबा?"

नृसिंहराव पुन्हा दर्भ निवडू लागले.

"दादा," सुश्रुत एकदम म्हणाला, "नको."

सुमेधाने चमकून दिराकडे पाहिलं. मघापर्यंत डॉक्टरची भाषा करणारा माणूस आता थोरल्या भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थोपवत होता. म्हणजे यालाही काहीतरी ठाऊक होतं.

"बाबांनी जाताना ते तुला पुन्हा सांगितलं, तेव्हा मी दाराआड होतो," सुश्रुत हलक्या आवाजात म्हणाला. "ऐकलंय मी. पण ते आपल्या दोघांतच राहू दे. माझ्या मुलाचं लग्न ठरलंय. पत्रिका छापायला गेल्यात. त्या लोकांना घराणं लागतं, कूळ लागतं."

"काका, इथे माझी मुलगी..."

प्रणिता बोलायची थांबली. आतून अनन्या आली होती.

आजवर हे फक्त पहाटे व्हायचं. आता खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि अनन्या मान खाली घालून, दोन्ही हातांत पाण्याचे तांबे घेऊन, भिंतीच्या कडेकडेने येत होती. तिने तांबे सगळ्यांपुढे ठेवले. पाठ न दाखवता मागे सरकत गेली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन बसली.

"आनी काई काम हाय का जी?"

"अनू, बाळा," प्रणिता उठली.

"येक इचारू?" पोरीने पहिल्यांदाच मान वर केली आणि सरळ नृसिंहरावांच्या तोंडाकडे पाहिलं. ती नजर अकरा वर्षांच्या मुलीची नव्हती. "माजं लेकरू कुठं हाय? न्हाऊ घालून माडीवर नेलं. वरच्या बाईंच्या मांडीवर घातलं. मला म्हनले, तुजं काई न्हाई ते. मी खाली पानी भरते, वर त्ये रडतंय. मला आई म्हनू देत न्हाईत त्येला."

भिंतीवरचे कावळे एकदम उडाले आणि पुन्हा जागच्या जागी बसले.

"तिला आत ने," सुश्रुतचा आवाज चिरकला. "बाहेर गुरुजी बसलेत!"

पण प्रणिता हलली नाही. ती सासऱ्यांकडे बघत होती. सुमेधाला दिसलं, सुनेला सगळं कळलंय. आणि हळूहळू तिलाही कळत गेलं.

"मूल झालं होतं तिला," प्रणिता म्हणाली. "मालकापासून. वरच्या बाईंना नव्हतं, म्हणून त्यांचं म्हणून वाढवलं. त्याच मुलापासून पुढे... बाबा, आपण सगळे त्या मुलाचे."

नृसिंहरावांनी डोळे मिटले.

"माझी मुंज झाली त्या दिवशी," ते म्हणाले, "बाबांनी माझ्या कानात गायत्री सांगितली. सगळे जेवायला गेल्यावर त्याच कानात आणखी एक नाव सांगितलं. चांगुणा. म्हणाले, हे थोरल्याने थोरल्याला सांगायचं, बाहेर उच्चारायचं नाही. आपल्या पणजोबांची ती आजी. हे नाव आपण तोंडात धरून आहोत तोवर ती घर सोडणार नाही, आणि ती आहे तोवर घराला पाण्याची ददात नाही."

"दासीला मालकापासून मूल झालं," प्रणिता एकेक शब्द सावकाश म्हणाली, "तर ते बीज मान्य करून तिला अदासी करावं. तिला आणि तिच्या संततीला. ‘सान्वया’ असाच शब्द आहे तिथे. बाबा, तुम्ही तिला मालक म्हणून सोडायला गेलात. दया म्हणून. ते मूल जन्मलं तेव्हाच ती सुटायला हवी होती. तुम्ही सोडणारे कोण? आणि आपण ते मान्य केलं नाही, म्हणून तिची संततीही सुटली नाही. मुलगे मालक झाले. मुलगी जन्मली, तिच्या खांद्यावर घागर आली."

"हे सगळं तुझं अनुमान आहे," सुश्रुत म्हणाला. "विधी करायचाय ना? करा. मागच्या दारी, चुपचाप. मी आड येत नाही. पण नाव आणि नातं गुरुजींसमोर नको. दुपारपर्यंत गावभर होईल, संध्याकाळपर्यंत व्याह्यांकडे."

नृसिंहरावांनी मान डोलावली. दोघे भाऊ पुन्हा एक झाले, हे सुमेधाला त्या एका मान हलण्यातच कळलं. प्रणिताचे खांदे पडले. तिचं सगळं शास्त्र बोलून झालं होतं.

सुमेधाला शास्त्र येत नव्हतं. तिने पुढ्यातला तांब्या उचलला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"अहो, आज तर्पणाला कोणतं पाणी घेणार?"

"म्हणजे?"

"दरवर्षी त्या हंड्यातलंच घेता. बापाला, आजोबांना, पणजोबांना तीन तीन ओंजळी. तिने वाळू उकरून आणलेलं पाणी तिच्याच लेकरांना पाजता. आणि तिला एक ओंजळ नाही. तिचं नाव नाही." सुमेधा थांबली नाही. "ज्या घरात आईकडून पाणी भरून घेतात, त्या घरचं तर्पण पोचतं का हो कुणाला? शास्त्र काय म्हणतं ते मला नका सांगू. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

नृसिंहरावांनी तांब्यात पाहिलं. पाण्यावर शेवाळाचा एक हिरवा धागा तरंगत होता. मग ते उठले.

"सुमे, अक्षता आण," ते म्हणाले. "आणि दारं सगळी उघडी टाक. पुढचंही."

*

मागच्या अंगणात ऊन डोक्यावर आलं होतं. अनन्या हंड्यापाशी उभी होती आणि तिच्या खांद्यावर ती काळी घागर होती. ती कुठून आली, कुणी पाहिलं नाही. टोकेकर गुरुजी आवाज ऐकून ओट्यावरून उठून आत आले होते. मधल्या दारात ते थांबले आणि तिथून पुढे आले नाहीत.

नृसिंहरावांनी घागरीला हात घातला. ती रिकामी होती, सुमेधाला आतला कोरडा तळ दिसत होता. तरी त्यांना ती पेलवेना. त्यांचे हात लटपटू लागले, कपाळावरची शीर फुगली. शेवटी सुमेधाने पलीकडून हात लावला. तिला वाटलं, विहीरच उचलतोय आपण. एवढं वजन रोज कुणीतरी तिच्या दारापर्यंत आणत होतं.

दोघांनी मिळून ती पोरीच्या खांद्यावरून खाली उतरवली आणि छातीशी धरून ठेवली. प्रणिताने पोरीच्या डोक्यावर अक्षता-फुलांचं पाणी शिंपडलं.

"तू दासी नाहीस," नृसिंहराव म्हणाले. "तू दासी नाहीस. तू दासी नाहीस."

काही झालं नाही. वाराही नव्हता. अनन्या मान खाली घालून उभी होती. हंड्यातलं पाणी काठाशी थरथरत होतं, खालून कुणी हंडा हलवत असावं तसं.

"बाबा," प्रणिता कुजबुजली, "कोण आहे ती, ते म्हणा."

नृसिंहरावांनी मधल्या दारातल्या गुरुजींकडे पाहिलं. मग भावाकडे. सुश्रुतने तोंड फिरवलं.

"चांगुणा," ते म्हणाले. पहिल्यांदा ते नाव घराबाहेरच्या माणसासमोर उच्चारलं गेलं. "आमच्या पणजोबांची आजी तू. आमची आई तू. तुझंच लेकरू वर नेलं होतं. मी त्याचाच आहे. तू कधीच दासी नव्हतीस. आम्ही तुला धरून ठेवलं."

पोरीच्या गळ्यातून एक आवाज निघाला. ते रडणं नव्हतं. उतारावरून माती ढासळते तसा तो होता. ती वळली, स्वयंपाकघरात गेली आणि पिंडांसाठी शिजवून ठेवलेल्या भाताची मूठ घेऊन आली. ती मूठ तिने नृसिंहरावांच्या तोंडापुढे धरली.

श्राद्ध व्हायचं होतं. सकाळपासून नृसिंहरावांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. पितरांच्या आधी त्यांच्यासाठीच शिजवलेलं अन्न खायचं, तेही कुणाच्या हातून. जन्मभर सांभाळलेलं सगळं त्या एका मुठीत होतं.

"ज्याला सोडलं त्याच्या हातचं अन्न चालतं," प्रणिता म्हणाली. "तेही त्याच विधीत आहे."

"माहीत आहे मला," नृसिंहराव म्हणाले. "तेवढंच मी तेव्हा गाळलं होतं."

त्यांनी तोंड उघडलं आणि एखाद्या लहान मुलासारखा तो घास घेतला.

घागर दोघांच्या हातातून निसटली. रिकामी घागर फुटली आणि तिच्यातून पाण्याचा लोंढा बाहेर आला, गढूळ, गार, पुराच्या पाण्यासारखा. पायाखालून तो घरात शिरला, बैठकीतून पुढच्या दाराकडे धावला. गुरुजी भिंतीला चिकटले. पाणी ओसरलं तशी फरशीवर पावलं दिसू लागली, फताडी, भेगाळलेली. ती भिंतीच्या कडेने गेली नाहीत. बैठकीच्या मधोमध गेली, पुढच्या दारातून, फाटकातून, आणि रस्त्यावर पूर्वेकडे वळली. सुमेधा फाटकापर्यंत धावत गेली. टँकरच्या धुळीत चार पावलं दिसली. पुढचं डांबर उन्हाने वाळून गेलं होतं.

अनन्या अंगणात फतकल मारून बसली होती. आईच्या गळ्यात हात टाकून ती मोठमोठ्याने रडत होती, आणि त्या रडण्यात दुसऱ्या कुणाचाही आवाज नव्हता.

*

श्राद्धाला उशीर झाला. भात पुन्हा शिजवावा लागला. टोकेकर गुरुजींनी पाट मांडले, पण मंत्रात ते दोनदा अडखळले. वडील, आजोबा, पणजोबा झाले. आई, आजी, पणजी झाल्या. मग नृसिंहरावांनी आणखी एक पिंड वळला.

"हा कुणाचा?" गुरुजींनी विचारलं. मघाशी त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं.

"चांगुणा. पणजोबांची आजी."

गुरुजींनी घसा खाकरला. "गोत्र? म्हणजे, माहीत नसेल तर काश्यप म्हणायची रीत आहे. काश्यप म्हणू या. त्यात कुणाला काही..." त्यांनी सुश्रुतकडे पाहिलं. वाट मोकळी करून द्यावी तसं पाहिलं.

सुश्रुत उठला. सुमेधाला वाटलं, गेला हा. गाडी काढेल आणि थेट सुप्याला जाईल, आणि या घराची दोन घरं होतील. तो दारापर्यंत गेलासुद्धा. तिथे पायपुसण्यावर ओल अजून होती. ती ओल बघून तो थांबला. मग माघारी आला, थोरल्या भावाच्या मागे बसला आणि दर्भाचं टोक त्याच्या दंडाला लावलं. धाकट्याने श्राद्धात सामील होताना लावायचं असतं तसं.

"वासिष्ठ म्हणा, गुरुजी," तो म्हणाला. "आमचंच गोत्र आहे ते."

गुरुजींनी मान खाली घातली आणि म्हटलं.

तेवढ्यात आतून अनन्याचा आवाज आला, खणखणीत, घरभर ऐकू जाईल असा. "आजी, मला भूक लागलीये! किती वेळ अजून?"

श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. प्रणिता तिला गप्प करायला आत धावली. सुमेधाने नवऱ्याकडे पाहिलं.

"सुमे," पिंडावरची नजर न काढता नृसिंहराव म्हणाले, "तिला आधी वाढ."